मंगळावरचे कालवे आणि लालबागच्या कुंड्या

रात्रीची जेवणे आटोपली की आजोबा ओट्यावर येऊन बसत. लालबागेत त्या काळी दिवे कमी, त्यामुळे आकाश मोठे दिसे. आजोबा कापडाच्या मिलमध्ये कामाला होते आणि त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेले. पण ग्रहताऱ्यांची त्यांना विलक्षण गोडी. तांबूस तारा वर आला की ते बोट दाखवून म्हणत, "तो मंगळ. तिथल्या लोकांनी मोठमोठे कालवे खणलेत. ध्रुवावरचं बर्फ वितळलं की ते पाणी कालव्यांनी गावोगाव नेतात." हे ज्ञान त्यांना लहानपणी शाळेतल्या गुरुजींकडून मिळालेले होते आणि गुरुजींचा शब्द तो शेवटचा.

मलाही ते खोटे वाटण्याचे कारण नव्हते. आमच्या लालबागेतच तर कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीच्या पोटातून भुयाराने बऱ्हाणपूर शहरापर्यंत माणसांनी आणले, तर मंगळावर का आणू नये?

१९८४ साली मी नववीत होतो. वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचले की अमेरिकेचे यान मंगळाजवळून गेले, त्याने छायाचित्रे काढली आणि कालव्यांचा मागमूसही सापडला नाही. मी धावत घरी आलो आणि ओट्यावरूनच ओरडलो, "आजोबा, तुमचे कालवे खोटे! फोटो निघालेत!" आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फोटो वरूनच काढला ना? मग आपला भंडारा वरून दिसतो का रे?" मी हसलो; पंधरा वर्षांच्या मुलाने हसावे तसा हसलो. दोन वर्षांनी आजोबा गेले. ते हसणे मात्र मला अजून टोचते, कारण प्रश्न अगदीच खुळा नव्हता.

या कालव्यांची जन्मकथा मोठी गमतीची आहे, आणि आपल्यासारख्या दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना ती चटकन कळावी. १८७७ साली मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. मिलान येथील वेधशाळेचे प्रमुख जिओव्हानी स्किआपारेल्ली यांना त्याच्यावर बारीक रेषा दिसल्या. त्यांनी त्यांना इटालियन भाषेत 'कॅनाली' म्हटले. या शब्दाचा अर्थ चर, ओघळ, पाण्याची वाट, असा कसाही होतो; तो निसर्गाने केलेल्या वाटेलाही चालतो. इंग्रजीत जाताना त्याचे 'कॅनाल' झाले, आणि कॅनाल म्हटला की तो कोणीतरी खणलेला असलाच पाहिजे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता. लोकांच्या डोळ्यांपुढे तोच होता. आमच्या शाळेत एखादा मराठी मुलगा हिंदीच्या तासाला 'सर ने मेरी चेष्टा की' असे म्हणतो, तेव्हा हिंदीच्या शिक्षकांना काही बोध होत नाही. आणि 'शिक्षा' या एका शब्दावरून दोन भाषांच्या घरांत किती हशा पिकतो हे बऱ्हाणपूर-खंडव्याकडच्या वाचकांना सांगावयास नको. अक्षरे तीच, शब्द तोच. वेस ओलांडली की अर्थ पालटतो.

पर्सिव्हल लॉवेल या अमेरिकन श्रीमंत गृहस्थाने तर या एका शब्दावर इमारतच उभारली. १८९४ मध्ये त्यांनी ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे स्वखर्चाने वेधशाळा बांधली आणि शेकडो कालव्यांचे नकाशे काढले. आटत चाललेला ग्रह, शहाणी प्रजा, ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे नेलेले पाणी असे ते चित्र. १९०६ साली त्यांचे 'मार्स अँड इट्स कॅनाल्स' हे पुस्तक निघाले. आजोबांच्या गुरुजींपर्यंत जे पोहोचले ते बहुधा येथूनच.

या सगळ्यात मला, शिक्षक म्हणून, सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ग्रिनिचचे ज्योतिर्विद मॉन्डर यांना या रेषांविषयी शंका होती. १९०३ मध्ये त्यांनी व त्यांचे सहकारी इव्हान्स यांनी तेथील एका शाळेतली मुले घेतली. मंगळाचे चित्र भिंतीवर लावले. त्यात रेषा एकही नव्हती. केवळ ठिपके आणि अस्पष्ट डाग. निरनिराळ्या अंतरांवर बसलेल्या मुलांना सांगितले की दिसेल तसे काढा. काही अंतरावरच्या मुलांनी सरळ रेषा काढल्या! ठिपके सुटे दिसेनासे झाले की डोळा ते आपणच जोडून घेतो. पुढे फ्रान्समध्ये फ्लामारियाँ यांनी हाच प्रयोग केला तेव्हा मुलांनी रेषा काढल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर मीही लॉवेलसाहेबांसारखा सोयीचे तेवढेच पाहणारा ठरेन.

मी हा प्रयोग आमच्या शाळेत करून पाहिला. ड्रॉइंगच्या सरांकडून मोठ्या कागदावर वर्तुळ आणि आत ठिपके काढून घेतले आणि कागद मैदानाच्या एका टोकाला टांगला. जवळच्या मुलांनी ठिपके काढले, अगदी दूरच्यांनी नुसते धूसर डाग. मधल्यांपैकी बऱ्याच जणांच्या वहीत रेषा उतरल्या होत्या. एक मुलगी तर भांडायलाच उठली, "सर, मी रेषा पाहिली, खरंच पाहिली." तिला खोटे कसे म्हणावे? तिने पाहिलीच होती.

दुर्बिणी मोठ्या झाल्या तशा रेषा तुटू लागल्या. १९०९ मध्ये अँतोनियादी यांनी पॅरिसजवळच्या म्यूदाँ येथील मोठ्या दुर्बिणीतून पाहिले तेव्हा कालव्यांच्या जागी त्यांना वेडेवाकडे ठिपके व डाग दिसले. तरी वाद रेंगाळला तो १९६५ च्या जुलैपर्यंत. मरिनर ४ हे यान मंगळापासून सुमारे ९,८०० किलोमीटरवरून गेले आणि त्याने एकवीस पूर्ण व बाविसावे अर्धवट अशी छायाचित्रे टिपली. एकेक चित्र पृथ्वीवर पोहोचायला आठ तासांहून अधिक वेळ लागे. चित्र कसले, नुसते आकडे येत. पासाडेनाच्या प्रयोगशाळेतील मंडळींना धीर धरवेना. त्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग हे ठरवून हातानेच खडूने रंगवल्या. मंगळाचे यानाकडून आलेले पहिले चित्र हे असे बालवाडीच्या पद्धतीने तयार झाले. पुढच्या चित्रांत विवरेच विवरे. लोणारच्या सरोवरासारखी, पण त्याहून कितीतरी मोठी. मंगळ चंद्रासारखा मेलेला आहे, असा निकाल झाला.

तो निकालही घाईचा होता. त्या चित्रांत मंगळाचा जेमतेम एक टक्का भाग आला होता. नोव्हेंबर १९७१ मध्ये मरिनर ९ मंगळाभोवती फिरू लागले तेव्हा साऱ्या ग्रहावर धुळीचे वादळ होते. महिन्या-दोन महिन्यांनी धूळ बसली आणि ऑलिंपस मॉन्स हा सुमारे २२ किलोमीटर उंचीचा ज्वालामुखी, चार हजार किलोमीटर लांबीची दरी, आणि मुख्य म्हणजे पाण्याने कोरलेली कोरडी पात्रे दिसू लागली. स्किआपारेल्लींच्या रेषांशी त्यांचा काही संबंध नाही. पण 'कॅनाली' हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने मंगळावर खरा निघाला.

या पात्रांना नावे देताना शास्त्रज्ञांनी एक सुंदर गोष्ट केली. निरनिराळ्या भाषांत मंगळाला जे शब्द आहेत तेच त्यांना दिले. जपानी 'कासेई' आहे, हिब्रू 'मआदिम' आहे, अरबी 'अल्-काहिरा' आहे, फारसी 'बहराम' आहे आणि आपला संस्कृत 'मंगल'ही आहे. मंगल दरी शेकडो किलोमीटर लांब असून तिचा उगम एका लांबलचक भेगेत आहे. जमिनीखालचे पाणी तेथून एकदम उसळून बाहेर आले असावे असे अभ्यासकांचे मत आहे. आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. २०२२ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटेपर्यंत त्याने कितीतरी छायाचित्रे पाठवली. त्यांपैकी काही मी शाळेच्या फळ्याशेजारी लावली आहेत.

बहराम आणि मंगल एका नकाशावर पाहिले की मला आमचा भंडाराच आठवतो. १६१५ साली, जहांगीराच्या अमदानीत, अब्दुर्रहीम खानखानान बऱ्हाणपुरास असताना तो झाला. खानखानान म्हणजे दोहेवाले रहीम. त्यांनीच 'बाबरनामा' तुर्कीतून फारसीत आणला, म्हणजे गृहस्थ भाषांतराच्या धंद्यातले. भंडाऱ्याची रचना इराणातील कनातींसारखी. ती आखणाऱ्या इराणी जाणकाराचे नाव तबकुतुल अर्ज असे सांगतात. मला त्यात थोडी शंका आहे. 'तबकात-उल-अर्ज' याचा अर्थच भूमीचे थर, म्हणजे भूगर्भविद्या. हे माणसाचे नाव, की त्याच्या विद्येचे नाव त्याला चिकटले? आणि कुंडीचा 'खूनी' कसा झाला, याच्याही चार कथा ऐकावयास मिळतात. कोणी पाण्याच्या लालसर रंगाकडे बोट दाखवतो, तर मुलांना अर्थातच त्यात खून हवा असतो.

काम मात्र स्वच्छ आहे. सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी अडवून, अगदी बेताच्या उताराचे भुयार तीन किलोमीटरांहून अधिक खणले. ठराविक अंतरावर वरून विहिरीसारख्या गोल कुंड्या पाडल्या. खणताना माती काढायला आणि नंतर हवा खेळायला. अशा शंभरावर कुंड्या. पाणी जाली करंजात जमते आणि तेथून शहरात जाई. मोट नाही, पंप नाही, चारशे वर्षे पाणी आपल्या पायांनी चालते आहे. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत भंडाऱ्याचे नाव गेले, तेव्हा शाळेत पेढे वाटले.

पण जमिनीवरून पाहणाऱ्याला काय दिसते? एक कुंडी इथे, एक तिथे, मध्ये रस्ता, मध्ये कोणाचे शेत. ठिपके. मंगळावर नसलेल्या रेषा लोकांनी जोडल्या. इथे असलेली रेषा कोणी जोडत नाही. मागच्या हिवाळ्यात मुलांना घेऊन मी कुंड्या मोजायला निघालो. एका ठिकाणी क्रम चुकला. अंतर मोजून गेलो तो एका घराच्या मागल्या अंगणात पोहोचलो. कुंडीच्या तोंडावर फरशी, फरशीवर धुण्याचा दगड. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "सर, ये तो बंद कुआँ है, इसमें कुछ नहीं." एका मुलाने फरशीच्या फटीतून खडा टाकला. आम्ही सगळे गप्प झालो. बऱ्याच वेळाने खालून डुबुक् असा आवाज आला. बाईंनी बादली बाजूला ठेवली आणि स्वतः वाकून कान लावला.

खाली पाण्यातल्या चुन्याचे थर चढून भुयाराची वाट अरुंद होत चालली आहे, आणि वरून टाकलेला कचरा पाण्याबरोबर पुढच्या कुंडीकडे सरकतो. हे त्या बाईंना कोणी सांगितलेच नव्हते. माझ्या शाळेनेही नाही.

परत आल्यावर मी मुलांना एक छायाचित्र दाखवले. २००७ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या चित्रांत आर्सिया मॉन्स या ज्वालामुखीच्या उतारावर सात काळी भोके सापडल्याचे जाहीर झाले. रुंदी १०० ते २५० मीटर. मंगळावर अन्यत्र असे खड्डे सरळ रांगेतही आहेत. लाव्हा वाहून गेल्यावर खाली पोकळ नळी उरते किंवा जमीन भेगाळते, आणि वरचे छत जागोजाग खचते. मी नाव सांगितले नाही, नुसती ती रांग दाखवली आणि विचारले, हे काय असावे?

सगळ्यांत मागे बसलेला मुलगा, ज्याने फटीतून खडा टाकला होता, तो म्हणाला, "सर, ह्याच्याखालून काहीतरी जातंय."