पातेल्याच्या बदल्यात

आमच्या घरी दूध तापतं ते स्टीलचं पातेलं मामाच्या दोन बेलबॉटमवर आलेलं आहे. त्या आजीने बोहारणीला दिल्या. त्याच आठवड्यात माळा आवरला आणि मामाच्या रेकॉर्डी भंगारवाल्याकडे गेल्या. ‘धिंगाणा संपला एकदाचा,’ असं आजी समाधानाने सांगायची. मामा तेव्हा उठून गॅलरीत जायचा.

मामाच्या गोष्टी १९७०-७१ च्या. एका सिगारेट कंपनीने आपल्या ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी बीट ग्रुपांची, म्हणजे रॉक बँडची, स्पर्धा भरवली. कलकत्ता, मद्रास, बंगलोर, पार शिलाँगहून पोरं मुंबईत यायची. परदेशी सामान मिळायचं नाही, मिळालं तर परवडायचं नाही. मग अॅम्प्लिफायर रेडिओवाल्याकडून जोडून घ्यायचे. ‘गिटार कमी आणि गुरगुर जास्त!’ मामा हसायचा. त्या स्पर्धेच्या ‘सिमला बीट’ नावाने दोन एलपी निघाल्या, ७० आणि ७१ च्या. त्यातले कितीतरी ग्रुप पुढे नोकरी-लग्नात विरून गेले.

‘मराठी घरात हे शोभतं का?’ या आजोबांच्या प्रश्नावर मामाचं उत्तर ठरलेलं: ‘नंदू भेंडे नाटकवाल्या आत्माराम भेंड्यांचाच मुलगा ना?’ नंदू भेंडे रॉक गायचे, दिग्दर्शक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या संगीत नाटकात ज्यूडास झाले. १९७८ मध्ये ते पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त उभे राहिले. आजोबा ते नाटक बघून आले आणि त्यानंतर तो प्रश्न त्यांनी विचारला नाही.

नंदू ज्यात गायचे, त्या मुंबईच्या ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ची एकच एलपी, ‘ऑब्सेशन ७७’. बँड मोडला, रेकॉर्डही विसरली गेली. काही दशकांनी अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ या रेकॉर्ड कंपनीने ती पुन्हा काढली. ‘सिमला बीट’ही परदेशातच नव्याने छापली गेली.

मी ‘सिमला बीट’ मामाला माझ्या फोनवर लावून ऐकवली. डोळे मिटून तो खुर्चीच्या हातावर ताल धरून होता. एका जागी बोट थबकलं. गाणं पुढे गेलं, बोट तिथेच. ‘माझी रेकॉर्ड इथे अडकायची,’ तो म्हणाला. ‘पुढचं मी पहिल्यांदाच नीट ऐकतोय.’

या आवाजांवर कुणी दरोडा घातला नव्हता. ते आपणच किलोच्या भावाने विकले. तुमच्या माळ्यावर अजून एखादी कॅसेट, एखादी रेकॉर्ड असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या म्हाताऱ्याला एकदा विचारा.