पैसे परत मागणाऱ्या गर्दीमुळे एक थंडगार शहर चीनभर गाजलं, त्या हार्बिनची गोष्ट

१८ डिसेंबर २०२३. चीनच्या ईशान्य टोकाला असलेल्या हार्बिन शहरात बर्फाचं प्रचंड मोठं थीम पार्क त्या दिवशी हंगामासाठी उघडलं. नाव ‘आइस अँड स्नो वर्ल्ड’. तिकीट ३२८ युआन, म्हणजे साधारण पावणेचार हजार रुपये. पहिल्याच दिवशी सुमारे ४० हजार लोकांनी बुकिंग केलं होतं. बर्फाच्या लांबलचक घसरगुंडीसाठी लोक कडाक्याच्या थंडीत तासन् तास रांगेत उभे राहिले. अनेकांचा नंबर शेवटपर्यंत लागला नाही. मग गर्दीतून एकच घोषणा सुरू झाली, “पैसे परत द्या!”

हा व्हिडिओ व्हायरल झाला आणि हार्बिनचा हंगाम सुरू व्हायच्या आतच संपला असं वाटायला लागलं. पण झालं भलतंच. पुढच्या दोनच आठवड्यांत हार्बिन हे चीनमधलं सगळ्यात चर्चेतलं पर्यटन शहर बनलं. १ जानेवारीच्या तीन दिवसांच्या सुट्टीत तिथं ३० लाखांहून जास्त पर्यटक आले आणि शहराची पर्यटनातली कमाई ५९१ कोटी युआन, म्हणजे जवळपास ७ हजार कोटी रुपये झाली.

हे कसं काय घडलं? आणि जिथं पारा उणे ३० अंशांपर्यंत घसरतो, तिथं लोक हौसेनं जातात तरी का?

आधी हार्बिन म्हणजे नेमकं काय ते समजून घेऊ

हार्बिन ही रशियाला लागून असलेल्या हेलोंगजियांग प्रांताची राजधानी. सोंगहुआ नदीच्या काठावर वसलेली. सव्वाशे वर्षांपूर्वी इथं मच्छीमारांच्या छोट्या वस्त्या होत्या. १८९८ मध्ये रशियानं व्लादिवोस्तोकला जाणारा जवळचा रस्ता म्हणून चीनच्या हद्दीतून रेल्वे टाकायला घेतली आणि तिचं मुख्य ठाणं हार्बिनला केलं. रेल्वेबरोबर इंजिनीअर आले, व्यापारी आले, बेकरीवाले आले. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर पळून आलेल्यांची भर पडली. १९२० च्या दशकात शहरात लाखाच्या आसपास रशियन राहत असल्याचं सांगितलं जातं.

त्यामुळे आजही हार्बिनच्या जुन्या भागात फिरताना आपण चीनमध्ये आहोत की युरोपात, असा प्रश्न पडतो. हिरव्या घुमटाचं सेंट सोफिया चर्च, १९२० च्या दशकात दगडी फरसबंदी केलेला सेंट्रल स्ट्रीट, रशियन पद्धतीचा पाव आणि लालसर सॉसेज ही सगळी त्या काळाची देणगी. १९०० मध्ये सुरू झालेली हार्बिन बिअर हा चीनमधला सगळ्यात जुना बिअर ब्रँड मानला जातो.

याच शहराला एक भयंकर भूतकाळही आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराच्या ‘युनिट ७३१’ नं हार्बिनच्या पिंगफांग भागात जिवंत माणसांवर जैविक शस्त्रांचे प्रयोग केले. तिथं आता संग्रहालय आहे. बर्फ बघायला आलेल्या पर्यटकांनी २०२४ च्या जानेवारीत त्या संग्रहालयाबाहेरही लांब रांगा लावल्या होत्या.

बादलीतल्या कंदिलापासून सुरुवात

बर्फाचा हा उत्सव सुरू झाला तो अगदी घरगुती जुगाडातून. हिवाळ्यात रात्री मासेमारीला किंवा कामाला जाणारे लोक बादलीत पाणी भरून बाहेर ठेवायचे. पाणी कडेनं गोठलं की मधलं न गोठलेलं पाणी ओतून टाकायचं आणि त्या पोकळीत दिवा ठेवायचा. झाला बर्फाचा कंदील! वारा कितीही सुटला तरी आतली ज्योत विझत नसे.

१९६३ मध्ये शहराच्या झाओलिन बागेत अशा कंदिलांचं पहिलं सार्वजनिक प्रदर्शन भरलं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ते बंद पडलं आणि १९७९ मध्ये पुन्हा सुरू झालं. ५ जानेवारी १९८५ ला ‘हार्बिन आइस अँड स्नो फेस्टिव्हल’ हा अधिकृत उत्सव सुरू झाला. तेव्हापासून ५ जानेवारी हा त्याचा उद्घाटनाचा दिवस आहे. १९८८ पासून नदीपलीकडच्या सन आयलंडवर बर्फाच्या भुग्यातून घडवलेल्या शिल्पांचं वेगळं प्रदर्शन भरायला लागलं आणि २००० सालाच्या स्वागतासाठी १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘आइस अँड स्नो वर्ल्ड’ उभं राहिलं.

जानेवारी २०२४ मध्ये याच पार्कची गिनीज बुकात नोंद झाली. क्षेत्रफळ ८ लाख १६ हजार चौरस मीटरच्या वर, म्हणजे २०० एकरांपेक्षा जास्त. जगातलं सगळ्यात मोठं बर्फाचं थीम पार्क.

एवढा बर्फ येतो कुठून?

थेट नदीतून. डिसेंबरमध्ये सोंगहुआ नदीवर बर्फाचा जाड थर धरला की कामगार नदीवरच उतरतात. आधी यंत्राच्या करवतीनं बर्फावर चौकटी आखून खोल चिरा पाडतात. मग लोखंडी पहारींनी त्या चिरांवर घाव घालून लाद्या सुट्या करतात आणि आकड्यांनी ओढून बाहेर काढतात. मासळी बाजारात किंवा गोळेवाल्याकडे दिसणारी बर्फाची लादी डोळ्यांसमोर आणा. तशीच, पण एकेक लादी शेकडो किलो वजनाची.

या लाद्या ट्रकनं पार्कमध्ये जातात. तिथं त्या विटांसारख्या एकावर एक रचल्या जातात. सिमेंट म्हणून काय वापरतात? पाणी! दोन लाद्यांमध्ये पाणी सोडलं की काही वेळात सांधा पक्का होतो. मग कारागीर छिन्नी आणि करवतीनं कोरीव काम करतात, आत एलईडी दिवे बसवले जातात आणि काही आठवड्यांत मनोरे, राजवाडे, पूल असं अख्खं शहर उभं राहतं.

नदीवर बर्फ कापणारे हे कामगार बहुतेक वेळा उन्हाळ्यात शेतात किंवा बांधकामावर राबणारे लोक असतात. हिवाळ्यात जमीन गोठते, बांधकामं थांबतात. तेव्हा हाताला काम देणारी ही मोजक्या दिवसांची संधी असते. काम अंगमोडीचं असतं आणि पायाखाली गोठलेली नदी असते. पर्यटकांच्या फोटोत हे लोक सहसा दिसत नाहीत.

थंडीवर एवढा भर देण्याची वेळ का आली?

१९५० च्या दशकात सोव्हिएत मदतीनं चीननं जे मोठे उद्योग उभे केले, त्यातले अनेक ईशान्य चीनमध्ये होते. पोलाद, यंत्रं, टर्बाइन, तेल. या भागाला ‘प्रजासत्ताकाचा थोरला मुलगा’ म्हटलं जायचं. १९९० च्या दशकात चित्र पालटलं. तोट्यातले सरकारी कारखाने बंद पडले, लाखो कामगार घरी बसले आणि तरुण मंडळी दक्षिणेकडच्या शहरांत कामाला निघून गेली.

जनगणनेचे आकडे बघा. २०१० मध्ये हेलोंगजियांगची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ८३ लाख होती. २०२० मध्ये ती ३ कोटी १८ लाखांवर आली. दहा वर्षांत साधारण ६५ लाखांची घट. एकट्या हार्बिनची लोकसंख्या १ कोटी ६ लाखांवरून १ कोटीवर आली. आजवर अडचण वाटणारी थंडी हेच आता इथलं भांडवल आहे, हे सरकारच्याही लक्षात आलं. बर्फ म्हणजे ‘सोन्या-चांदीचे डोंगर’ ही भाषा चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी २०१६ मध्येच वापरली होती. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमुळे देशभर बर्फातल्या खेळांची हवाही तयार झाली.

पण खरी जादू रिफंडनंतर झाली

आता पुन्हा १८ डिसेंबरकडे येऊ. घोषणाबाजीचा व्हिडिओ पसरला तेव्हा पार्कपुढे दोन रस्ते होते. नियमांवर बोट ठेवून हात झटकायचे किंवा चूक मान्य करायची. पार्कनं दुसऱ्याच दिवशी जाहीर माफी मागितली, तिकिटांचे पैसे परत केले आणि रांगांची व्यवस्था बदलायला घेतली. शहराचं पर्यटन खातंही कामाला लागलं.

इथं एक जुनी जखम समजून घ्यायला हवी. २०१७ च्या अखेरीस याच प्रांतातल्या ‘स्नो टाउन’ नावाच्या प्रसिद्ध बर्फाळ गावाबद्दल एका पर्यटकाची पोस्ट व्हायरल झाली होती. हॉटेलवाले बुकिंग असतानाही जास्त पैसे मागतात, जेवणाचे अवाच्या सवा दर लावतात, अशी तक्रार होती. एका पोस्टनं गावाची आणि प्रांताची अब्रू गेली. एक व्हायरल तक्रार किती महागात पडते याचा अनुभव गाठीशी होता, म्हणून यावेळी कुणी वाद घालत बसलं नाही.

माफीची बातमी पसरली आणि नेटकऱ्यांचा सूर बदलला. “चूक झाली पण सुधारली, चला जाऊन बघू,” असं लोक म्हणायला लागले. त्यातून उबदार दक्षिण चीनमधले पर्यटक जथ्याजथ्यानं उत्तरेला निघाले. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघणारे, फुगीर जॅकेट आणि गोंडेदार टोप्या घातलेले, उत्तरेकडच्या लोकांपेक्षा उंचीनं जरा कमी. हार्बिनकरांनी त्यांचं लाडाचं नाव ठेवलं, ‘दक्षिणेचे छोटे बटाटे’. काहींना हे नाव खटकलंही, पण बहुतेक पर्यटकांनी ते मजेत घेतलं.

मग शहरानं पाहुणचाराचा धडाकाच लावला. पाहुणे घसरून पडू नयेत म्हणून सेंट्रल स्ट्रीटच्या भुयारी मार्गात गालिचे अंथरले. रस्त्यांवर ऊब घेण्यासाठी खोल्या उभारल्या. काही लोक स्वतःच्या गाडीतून पर्यटकांना फुकट सोडायला लागले. सेंट सोफिया चर्चच्या मागे कृत्रिम चंद्र चढवला. ओरोचेन या स्थानिक जमातीचे लोक रेनडियर घेऊन भर शहरात आले. गोठवलेलं काळं पेअर खरं तर तिथले लोक हातात धरून चोखत खातात. पाहुण्यांसाठी त्याच फळाच्या चकत्या कापून बशीत सजवून दिल्या गेल्या. “आम्हाला कधी असं कापून दिलं होतं का?” असे गमतीशीर टोमणे स्थानिकांनीच मारले.

याच दिवसांत दक्षिणेतल्या ग्वांग्शी प्रांतातून बालवाडीची ११ मुलं केशरी कपड्यांत हार्बिनला आली. तिथल्या संत्र्यांवरून त्यांना ‘छोटी संत्री’ म्हटलं गेलं. मुलांचा जो सांभाळ झाला त्याबद्दल आभार म्हणून ग्वांग्शीनं ट्रक भरभरून संत्री पाठवली आणि परतभेट म्हणून हेलोंगजियांगनं क्रॅनबेरी पाठवल्या.

शहर कोसळलं नाही ते पूर्वतयारीमुळे

अशी लाट अचानक आली की गावं कोलमडतात. त्याच वर्षी चीनमधलं झिबो शहर रस्त्यावरच्या बार्बेक्यूमुळे असंच गाजलं होतं आणि काही महिन्यांत गर्दी ओसरली होती. हार्बिनकडे मात्र उत्सवाचा जवळपास ४० वर्षांचा अनुभव होता. १९९६ च्या आशियाई हिवाळी स्पर्धा आणि २००९ च्या जागतिक विद्यापीठ हिवाळी स्पर्धा भरवल्यामुळे मैदानं आणि हॉटेलं होती. घराघरात पाइपांतून गरम पाणी फिरवणारी मध्यवर्ती हीटिंग व्यवस्था होती. त्यामुळे बाहेर उणे २५ असलं तरी खोलीत स्वेटर लागत नाही.

२०२४ च्या चिनी नववर्षाच्या आठ दिवसांत शहरात १ कोटीहून जास्त पर्यटक आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथंच नवव्या आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. भारतासह ३४ देश आणि प्रदेशांचे खेळाडू त्यात उतरले. जिच्यावरून वाद पेटला होता त्या घसरगुंडीचाही धडा शहरानं घेतला. पुढच्या हंगामात मोठ्या घसरगुंड्या १४ वरून २४ करण्यात आल्या.

प्रश्न वितळण्याचा

या यशाची एक मर्यादा आहे. २०२३-२४ चा पार्कचा हंगाम फक्त ६१ दिवसांचा होता. तेवढ्यात २७ लाखांहून जास्त लोक येऊन गेले. तापमान वाढायला लागलं तसं १५ फेब्रुवारीला पार्क बंद करावं लागलं. हॉटेलवाला असो, टॅक्सीवाला असो की नदीवर लाद्या कापणारा मजूर, वर्षाची मोठी कमाई त्याला दोन महिन्यांत करायची असते. थंडी उशिरा सुरू झाली किंवा लवकर संपली तर तेवढे दिवस हातचे जातात.

म्हणून उपाय शोधले जातायत. आदल्या हिवाळ्यातल्या लाद्या उष्णतारोधक आवरणांखाली उन्हाळाभर झाकून ठेवतात, म्हणजे नदी गोठायची वाट न पाहता बांधकाम सुरू करता येतं. पार्कच्या आवारात बंद छताखाली वर्षभर बर्फ टिकवणारा विभागही उभारलाय. उन्हाळ्यासाठी बिअर महोत्सव आहे आणि १९६१ पासून चालत आलेला संगीत महोत्सवही.

बर्फ नसला तर काय होतं याचं उदाहरण चीननंच २०२५ मध्ये पाहिलं. सिचुआन प्रांतातल्या एका ‘बर्फाच्या गावात’ हवा गरम राहिल्यानं बर्फ पडलाच नाही. आयोजकांनी कापूस आणि साबणाचं पाणी वापरून खोटा बर्फ पसरला. फोटो व्हायरल झाले, माफी मागावी लागली आणि गाव बंद करावं लागलं.

हार्बिनमध्ये निदान बर्फ खरा आहे. पण पर्यटनाच्या जोरावर दक्षिणेला गेलेली तरुण पोरं घरी परततील का, याचं उत्तर दोन महिन्यांच्या गर्दीतून मिळत नाही. त्यासाठी बाराही महिने चालणारी कामं लागतील. फेब्रुवारी संपता संपता पार्कमधले मनोरे ठिबकायला लागतात आणि ते पाडले जातात. तोवर नदीवर लाद्या कापणारे हातही पुन्हा शेताकडे वळायच्या तयारीत असतात.