दमा की सीओपीडी? फुंकण्याच्या तपासणीतून काय कळते

उचगाव : धाप लागली की आपल्याकडे सरसकट 'दमा' म्हणतात. शाळकरी पोराची रात्रीची घरघर दमा आणि तीस वर्षे विडी ओढलेल्या आजोबांचा सकाळचा खोकलाही दमाच. डॉक्टरांच्या लेखी मात्र हे दोन वेगळे आजार असू शकतात. नुसत्या स्टेथोस्कोपने किंवा एक्स-रेने फरक नेहमी कळतोच असे नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकण्याची तपासणी लागते.

दम्यात श्वासनळ्या सुजून आकसतात, पण बहुतेक वेळा पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत हे आकसणे बऱ्याच अंशी कायमचे असते. तपासणी नेमका हाच फरक पकडते.

नाकाला चिमटा लावून छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोरात फुंकायचे, छाती पूर्ण रिकामी होईपर्यंत. मोठ्या माणसाला सहा सेकंद तरी फुंकावे लागते. असे किमान तीनदा. मग सालब्युटामॉलचा पंप देतात, साधारण १५ मिनिटे बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. पंपानंतरची ही दुसरी फेरीच महत्त्वाची. घाई करून ती टाळली, तर निम्मा खर्च वायाच गेला म्हणायचा.

रिपोर्ट इंग्रजीत येतो. त्यात दोन आकडे बघा. एफव्हीसी म्हणजे एका दमात बाहेर पडलेली एकूण हवा आणि एफईव्ही-१ म्हणजे पहिल्या सेकंदात पडलेली हवा. समजा एकूण हवा २.८ लिटर, त्यातली पहिल्या सेकंदात फक्त १.५ लिटर. म्हणजे वाट अडलेली आहे. पंपानंतर १.५ चे २.१ झाले तर कल दम्याकडे. १.५८ वरच अडले तर सीओपीडीची शंका बळावते. नेहमीचा ठोकताळा असा: एफईव्ही-१ मध्ये १२ टक्के आणि २०० मिलीलिटर, अशी दोन्ही वाढ झाली तर नळ्या उघडतात असे धरतात. पंपानंतरही दोन आकड्यांचे गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिले तर सीओपीडी धरण्याला आधार मिळतो.

आकडेच सगळे ठरवत नाहीत. त्रास नसलेल्या दिवशी दम्याच्या रुग्णाचा रिपोर्ट अगदी नॉर्मल येऊ शकतो, तर जुन्या दुर्लक्षित दम्यात नळ्या पूर्ण उघडत नाहीत. काहींना दोन्ही आजार असतात. म्हणून वय, ॲलर्जी, पूर्वीचा टीबी, विडी आणि चूल हे सगळे डॉक्टरांना सांगावे.

चुलीचे मुद्दाम सांगायला हवे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. लाकूड-शेणीचा धूर हे त्यातले एक मोठे कारण. आपल्या भागात चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायका कमी नाहीत. त्यांनी कधी विडीला हात लावला नाही, म्हणून त्यांच्या धापेकडे 'वय झालं' म्हणून बघितले जाते. निपाणी भागात तंबाखूच्या धुळीत काम केलेल्यांनीही तो इतिहास सांगावा.

फरक कळण्याला एवढे महत्त्व का? दम्यात सूज कमी करणारे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड हा उपचाराचा पाया आहे. ते सोडून नुसता दीर्घकाळ नळ्या उघडणारा पंप घेणे जिवावर बेतू शकते. सीओपीडीत उलट नळ्या उघडणारे पंप आधी येतात. तिथे गरज नसताना स्टेरॉइड दिले तर न्यूमोनियाचा धोका वाढतो. शेजाऱ्याचा पंप आणून ओढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

बेळगावात बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात आणि केएलई रुग्णालयात छातीरोग विभाग आहेत. तपासणीची वेळ आधी विचारून जावे. पंप किती तास आधी थांबवायचा हेही विचारावे. तो पंपाच्या प्रकारावर ठरतो आणि आपल्या मनाने बंद करू नये. नुकताच हार्ट अटॅक आला असेल, डोळ्यांचे ऑपरेशन झाले असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल तर फुंकण्याआधीच सांगावे. जुने रिपोर्ट असतील तर तेही बरोबर न्यावेत.