ढासळत्या तटाची दुरुस्ती

कोकणच्या इतिहासात १९८१ हे साल लक्षात राहिले ते १ मे रोजी रत्नागिरीपासून विभक्त होऊन सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला म्हणून. त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, ५ जून रोजी, अमेरिकेच्या सरकारी आरोग्यखात्याच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांना झालेल्या चमत्कारिक न्यूमोनियाची हकीकत छापून आली. आणि महिन्याच्या आत त्याच पत्रात, कापोसीचा सार्कोमा नावाचा एक विरळा कर्करोग तरुण पुरुषांत दिसू लागल्याची दुसरी हकीकत आली. मालवणच्या बंदरावर ह्या वार्तेची दखल कोण घेणार! तथापि ज्या प्रांताचा कमावता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या परळ-लालबागेत राहत आला, त्यास मुंबईचे कोणतेच दुखणे फार काळ परके राहत नाही.

ह्या रोगाचे व कर्करोगाचे नाते असे आरंभापासूनचे आहे. एच. आय. व्ही. हा विषाणू रक्तातील ज्या पांढऱ्या पेशींवर घाला घालतो, त्या सीडी-४ पेशी म्हणजे शरीररक्षक सैन्याचे नायकच होत. नायक पडले की एरवी दबून राहणारी जंतूंची व अर्बुदांची बंडे उठतात. त्यांपैकी कर्करोगाचे बंड मोडावयास जी जहाल औषधे द्यावी लागतात, ती अस्थिमज्जेवर, म्हणजे नवे सैन्य जेथे जन्मते त्या छावणीवरच, आघात करतात. शत्रू तटावर आणि फितूर आत, अशा वेळी तट बांधावयाचा कसा, हा वैद्यांपुढचा खरा प्रश्न होता.

हा विषाणू भारतात शिरल्याचे प्रथम उघडकीस आले ते १९८६ साली मद्रासेत. त्या शोधामागे डॉ. सुनीती सॉलोमन ह्या, मद्रासेत स्थायिक झालेल्या गायतोंडे ह्या महाराष्ट्रीय कुटुंबातील विदुषी होत्या, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशा कोणास ठाऊक नसते. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला सेल्लप्पन ह्यांनी गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांत तो सापडला. पुढे १९९३ साली सुनीतीबाईंनी आपल्या वडिलांच्या नावाने उपचार व संशोधनाचे केंद्र काढले.

औषधाचा इतिहास तर याहून विलक्षण. एच. आय. व्ही.वरील पहिले मान्य औषध झिडोव्हुडिन हे मुळात जेरोम हॉर्विट्झ ह्या रसायनज्ञाने १९६४ साली कर्करोगासाठी तयार केले होते. तेथे ते निरुपयोगी ठरून अडगळीत पडले, आणि १९८७ साली ह्या नव्या रोगावर मान्यता पावले. परंतु तेही मज्जेस पीडा देणारेच! ज्यास दोन्ही रोग जडले, त्यास एकाच छावणीवर दोन्हीकडून मारा सोसावा लागे.

मार्ग मोकळा झाला तो १९९६च्या सुमारास, तीन औषधे एकत्र देण्याच्या रीतीने. विषाणू दबला की मज्जा स्वतःच नवे शिपाई उभे करू लागते. रोगप्रतिकारशक्ती बाहेरून आणून भरावी लागत नाही. तिचा संहार थांबवावा लागतो. जाहिरातींतील शक्तिवर्धक चूर्णांस व काढ्यांस हे साधत नाही. उलट त्यांतील काही पदार्थ औषधांशी भांडतात. मात्र वर्षास दहा हजार डॉलरांहून अधिक किंमतीची ही त्रयी गरिबास अप्राप्यच होती. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद ह्यांनी एका परोपकारी वैद्यक-संघटनेस ती ३५० डॉलरांत देऊ केली, आणि १ एप्रिल २००४ पासून ती सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य मिळू लागली. त्या पहिल्या प्रांतांत महाराष्ट्र होता.

मध्यंतरी बर्लिनमध्ये एक अद्‌भुत घडले. टिमोथी ब्राउन ह्यांस रक्ताचा कर्करोग झाला असता २००७ व २००८ साली अशा दात्याची मज्जा देण्यात आली, की ज्याच्या पेशींत ह्या विषाणूस शिरावयास द्वारच नव्हते. विषाणू नाहीसा झाला. पण त्या उपचारात रोग्याचे प्राण जाण्याचा धोका इतका मोठा, की हा राजमार्ग होणे नाही; स्वतः ब्राउन २०२० साली त्याच कर्करोगाच्या पुनरुद्भवाने निवर्तले.

सामान्य रोग्याची वाट निराळी आहे. कर्करोगाच्या औषधांनी सीडी-४ पेशींची संख्या निम्म्यावरही येते आणि ती भरून यावयास कित्येक महिने लागतात. म्हणून विषाणूवरील गोळ्या एक दिवसही खंडित न करणे, मज्जेस न पीडणाऱ्या व कर्करोगाच्या औषधांशी न झगडणाऱ्या गोळ्या निवडणे, आणि मधल्या काळात जंतुसंसर्ग टाळण्यासाठी प्रतिबंधक औषध चालू ठेवणे, एवढेच काय ते ह्या शास्त्राचे सार.

मालवणचा रोगी ह्या उपचारासाठी गोव्यास बांबोळीला जातो, नाही तर परळला, जेथे १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाल्यापासून तो प्रवास एका रात्रीचा झाला. रोग लपविण्याची सवय मात्र गाडीने मागे पडत नाही. रोग्यास उपचार नाकारणे व त्याच्या संमतीवाचून त्याचा रोग उघड करणे हे १० सप्टेंबर २०१८ पासून कायद्याने निषिद्ध आहे. तरीही कर्करोगाचे कागद मेजावर ठेवून गोळ्यांची डबी पिशवीच्या तळाशी दडविणारे असतातच, आणि समोरचा डॉक्टर तीच डबी न पाहता मात्रा ठरवीत असतो.