आपला सभासद कोण?

दौंड तालुक्यातील कुरकुंभ हे गाव फिरंगाई देवीच्या स्थानामुळे आपल्या सभासद कुटुंबांस परिचित आहेच. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरील या गावी रासायनिक कारखान्यांची वसाहत झाल्यापासून आपली काही कुटुंबेही तेथे स्थिरावली आहेत. त्यांपैकी कोणास ‘पंचायतीत तुमचा सभासद कोण?’ असे विचारावे, तर ‘आपल्यातला कोणी नाही’ असे उत्तर मिळते. प्रश्न वॉर्डाचा असतो, उत्तर मात्र ज्ञातीचे येते.

या समजुतीची मुळे जुनी आहेत. पूर्वी गावचा कारभार पाटील-कुलकर्णी वतनाच्या हक्काने पाहत आणि गोतसभेत जो बसे तो आपल्या वतनाचा वा जातीचा मानकरी म्हणून बसे. १८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला व १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली. त्या वेळी दौंडकडील ही गावे भीमथडी तालुक्यात मोडत. बोर्डावर काही सभासद लोकनियुक्त, काही सरकारनियुक्त असत आणि मताचा हक्क मूठभरांनाच होता. सरकारी नेमणूक सर्वस्वी वाईटच होती असे मात्र म्हणवत नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८३ या काळात पुणे नगरपालिकेत बसले ते सरकारनियुक्त सभासद म्हणूनच. तत्कालीन मतदारांनी त्यांना निवडून दिले असते की काय, याविषयी मला शंका वाटते. परंतु नेमलेल्या सभासदास जाब कोण विचारणार? अशा काळात ‘आमच्या समाजाचा एक माणूस घ्या’ असा अर्ज करणे हाच लहान ज्ञातींचा मार्ग होता, आणि त्यात गैर काही नव्हते.

राज्यघटनेने प्रत्येक प्रौढास मत दिले. पुढे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. आज गावाचे वॉर्ड पडतात व वॉर्डातून पंच निवडले जातात. जिल्हा परिषदेचा सभासद गटातून येतो आणि त्या गटाचे दोन गण पाडून पंचायत समितीचे सभासद निवडतात. सरपंचाची थेट निवड २०१७ साली सुरू झाली, २०२० साली रद्द झाली व २०२२ साली पुन्हा आली. शिक्षकासही हे पाठ ठेवणे कठीणच!

माझीच फजिती सांगतो. कुरकुंभच्या एका ज्ञातिबांधवांच्या वस्तीचा रस्ता पावसाळ्यात चिखलात जाई व मुलांची शाळा बुडे. त्यांच्यासाठी मी स्वहस्ते अर्ज लिहिला आणि दिला तो दुसऱ्या एका शहरातील आपल्या ज्ञातीच्या नगरसेवकांकडे. सद्‌गृहस्थांनी आदराने चहा पाजला, अर्ज ठेवून घेतला. त्यांचा अधिकार त्यांच्या शहराच्या वेशीपर्यंतच, हे ध्यानात यायला आम्हांस दोन पावसाळे लागले. बांधवांच्या वॉर्डाचे पंच चार घरे पलीकडेच राहत होते. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत, म्हणून त्यांच्याकडे जाण्याचे कोणास सुचले नाही. त्यांनी दप्तर पाहून सांगितले, रस्ता जिल्हा परिषदेचा आहे. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून त्या वेळी प्रशासक कारभार पाहत होते; तेव्हा गटाचा सभासद शोधण्यात अर्थ नव्हता. अर्ज गटविकास अधिकाऱ्यांकडे नेला तो त्याच पंचांनी, स्वतःच्या मोटारसायकलवरून.

निघताना त्या पंचांनी सहज विचारले, ‘तुमचे मत कोणत्या वॉर्डात?’ तेव्हा उलगडा झाला की आमच्या बांधवांचे नाव अद्याप मूळ गावाच्याच यादीत आहे. पंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. तिथे नाव नाही तर इथेही नाही. इतकी वर्षे कुरकुंभात राहून, घरपट्टी भरून, त्यांनी तेथे एकदाही मत दिले नव्हते. त्याच आठवड्यात त्यांनी स्थलांतराचा नमुना ८ भरला; पत्नीचा व थोरल्या मुलाचाही सोबत दिला.