फंदे, टाके आणि माजघरातली शाळा

मागच्या संक्रांतीनंतर माझं इथे काही लिहिणं झालं नाही. दोघीतिघींनी विचारलंही, की लश्करच्या ताई कुठे गायब झाल्या? गायब नव्हते, घरातच होते. लेकीची शाळा वर्षभर घरात चालली. त्या जोडीने दोन स्वेटर, एक टोपी आणि एक मोजा विणून झाला (एकच, दुसरा अजून सुईवर आहे). आणि आजीची एकतीस पत्रं वाचून झाली. हे तिन्ही एकमेकांत इतकं गुंतलं की वेगवेगळं सांगता येणार नाही.

आधी पत्रांचं. आजी दर वर्षी संक्रांत झाली की सांगलीच्या आपल्या धाकट्या बहिणीला एक लांबलचक पत्र लिहायची. मधल्या कार्डांवर फक्त खुशाली. या पत्रात मात्र सगळं वर्ष असायचं. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, लोणचं किती घातलं, कुणाला काय विणलं. 1946 ते 1979 अशी ही पत्रं. त्यातली तीन सापडत नाहीत. सांगलीच्या मावसभावाने घर आवरताना ती जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली पाहिली आणि मागच्या वर्षी मला पाठवून दिली.

आजी कुठल्याही शाळेत गेली नाही. रत्नागिरीकडचं गाव, तिथे मुलींनी शिकायचं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. 1936 साली पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती इथे लश्करात आली. बाहेरच्यांसाठी सांगते, दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला, छावणी पडली आणि ती उठलीच नाही. त्या लश्कराचंच गाव झालं. कोकणातून, देशावरून माणसं येत राहिली ती दरबारच्या नोकरीसाठी. माझे पणजोबाही संस्थानच्या हिशेब खात्यात होते. सून आली तेव्हा तिला सही करता येत नव्हती. त्यांनी दुपारच्या जेवणानंतर माजघरात पाटी घेऊन बसवायला सुरुवात केली. आधी बालबोध, मग मोडी, मग हरिविजय आणि पांडवप्रताप मोठ्याने वाचून दाखवायचं. दोन वर्षांत ती घरचा हिशेब लिहायला लागली.

अशी घरातली शाळा आपल्याकडे नवी नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना मुळाक्षरापासून घरीच शिकवलं. लग्न 1873 चं. रमाबाईंनी 1910 साली आपल्या आठवणी छापल्या. घरातल्या बायकांनी त्या शिक्षणापायी त्यांना किती छळलं तेही त्यात आहे. पंडिता रमाबाईंच्या आईला त्यांच्या वडिलांनी संस्कृत शिकवलं आणि त्या आईने मुलीला. आनंदीबाई जोशींचे गुरू त्यांचे पतीच. ही नावं आपण अभिमानाने घेतो, मीही घेते. पण नीट पाहिलं तर या सगळ्या शाळा एका पुरुषाच्या मर्जीवर चालत होत्या. त्याला वाटलं तर पाटी, नाही वाटलं तर चूल. आणि त्याच्या घरात जन्माला न आलेल्या मुलीचं काय? सावित्रीबाई आणि जोतीरावांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली ती त्या मुलीसाठी. सयाजीरावांनी 1906 साली सगळ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेही त्यासाठीच. मुलीला घराबाहेर पडून बाकावर बसायला मिळावं म्हणून लोकांनी शेणमार खाल्ला, आणि मी माझ्या लेकीला बाकावरून उठवून घरी आणते आहे. हे मला वर्षभर टोचत राहिलं. सासूबाईंनी तर तोंडावरच विचारलं, "शाळा सोडवून काय पोरीला पुन्हा माजघरात बसवणार?"

त्यांना उत्तर देणं सोपं नव्हतं. लेक अकरा वर्षांची आहे आणि बोलताना अडखळते. वर्गात उभं करून वाचायला लावायचं, ती अडकली की मुलं हसायची आणि शिकवणारी माणसं घड्याळाकडे बघायची. शाळेचं नाव घेत नाही. जानेवारीनंतर तिने घरीही बोलणं कमी केलं तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं. दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून देता येते, त्याला चौदा वर्षं पुरी हवीत, म्हणजे आपल्या हातात वेळ आहे, एवढा हिशेब केला आणि जुलैपासून वह्या काढल्या.

पहिले दोन महिने वाईट गेले. मी शाळेचं वेळापत्रक घरात आणलं होतं, नऊ ते दीड, मधली सुटी वगैरे. ती गप्प बसून लिहायची. मग ऑगस्टात पत्रं आली, आणि माझ्या बाबांनी त्याबरोबर माळ्यावरची आजीची विणकामाची पेटी काढून दिली. त्यात सुया, अर्धवट पाठ, लोकरीच्या लाल-करड्या लड्या, काही कसर लागलेल्या.

विणकामाचा इतिहास मी तिच्यासाठी म्हणून शोधला आणि मलाच गोडी लागली. विणणं हा शब्द आपल्याकडे मागाचा. दोन सुयांवर लोकर विणणं हे हिंदुस्थानात मुख्यतः एकोणिसाव्या शतकात पसरलं, मडमा आणि मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांमधून. त्या शाळांत वाचन आणि शिवण-टिपण शेजारी शेजारी असायचं. मुलगी शिकते म्हटलं की घरचे भुवया उंचावत, शिवणकाम शिकते म्हटलं की पाठवत. लोकर मिळायला लागली ती कानपूरच्या गिरणीमुळे, 1876 ची, तिचीच पुढे 'लाल इमली', आणि पंजाबात धारीवालला. आमच्या ग्वाल्हेरला कानपूर जवळ आणि थंडी कडाक्याची, त्यामुळे पुण्याची मावशी जी गोष्ट हौस म्हणून करायची ती इथे गरज होती. बडोद्याला महाराणी चिमणाबाईंनी 1914 मध्ये स्त्री उद्योगालय काढलं. हाताच्या कामातून बाईच्या हातात पैसा यावा हा त्यामागचा विचार. आमच्याकडे मात्र विणकामाने पैसा आला नाही, ऊब आली. तीही काही थोडी नव्हे.

आता एक गंमत. आजीच्या 1947 पर्यंतच्या पत्रांत 'टाके' आहेत आणि 'सुया' आहेत. 1949 च्या पत्रापासून 'फंदे' आणि 'सलाया' सुरू होतात. फाळणीनंतर समोरच्या घरात लायलपूरहून आलेलं कुटुंब उतरलं. त्यातल्या बाईंच्या हाताला भारी वेग होता. चालता बोलता, भाजीवाल्याशी भांडता भांडता विणायच्या. वेणीची वीण, मधमाशीच्या घराची वीण, हे सगळं आजी त्यांच्याकडून शिकली. त्यांना गुरुमुखी येत होती, नागरी नाही, म्हणून त्यांची इथली पत्रं आजी लिहून द्यायची. म्हणजे माजघरातल्या पाटीवर आलेली अक्षरं समोरच्या ओसरीवर विणीच्या मोबदल्यात जात होती. आमच्या घरात आजही टाके गळत नाहीत, फंदे गळतात. सांगलीची मंडळी हसतात. हसू देत. आपल्या ग्वाल्हेरी, इंदुरी मराठीत हिंदी कशी घुसली यावर विद्वान लोक नाकं मुरडतात. त्यांनी एकदा असा एक शब्द कुठल्या ओसरीवरून आला ते विचारावं.

1963 च्या जानेवारीतलं पत्र आखूड आहे. चीनच्या युद्धाचा हिवाळा. देशभर बायका जवानांसाठी विणत होत्या तशी आजीही. त्या वर्षी घरात एकालाही नवा स्वेटर झाला नाही, बाबांच्या बाह्या मनगटाच्या वर गेल्या होत्या त्या तशाच राहिल्या, असं लिहिलंय. खाली एक ओळ, की अकरा झाले, बाराव्याचा गळा राहिलाय. कुणाच्या अंगात गेले असतील ते अकरा, कोण जाणे.

तर गणित. पणजोबांनी बाबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं पाठ करून घेतलं होतं. 1957 साली दशमान नाणी आली आणि बाबा म्हणतात, "एका रात्रीत माझं पाठांतर मोडीत निघालं." ते मोडीत निघालेलं या वर्षी कामाला आलं. लोकर दुहेरी घेतली की लेकीच्या हाताने इंचाला साडेतीन टाके बसतात. पाठ सोळा इंच हवी. बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "सोळा औट छप्पन." छप्पनला चारने भाग जातो, म्हणजे दोन सुलट दोन उलट बॉर्डर बरोबर बसते. तिने वहीत साडेतीन गुणिले सोळा करून पाहिलं, छप्पनच आले, आणि आजोबांकडे अशी पाहिली जसे काही ते जादूगार आहेत. मग औटकी पाठ करायची टूम निघाली. मोठ्याने. एका लयीत म्हणताना ती फारशी अडखळत नाही. बरी झाली असं मी म्हणत नाही. फोनवर अजूनही बोलत नाही, दुकानात चिठ्ठी पुढे करते. पण विणताना मान खाली असते, कुणी तोंडाकडे बघत नसतं, आणि तेव्हा ती बोलते. पत्रं आम्ही तशीच वाचली. मी विणायची आणि ती वाचायची, मग उलट.

त्यातलं 1954 चं पत्र वाचताना ती थांबली. अडखळून नव्हे. म्हणाली, "आई, हे अक्षर आजीचं नाही."

ते आत्याआजीचं होतं. आजोबांची बहीण, एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली. पणजोबांनी सुनेला पाटी दिली, लेकीला दिली नाही. सुनेने घर चालवायचं होतं, हिने काय वाचायचं होतं? तेच पणजोबा, तेच माजघर. आत्याआजी सगळ्यांत सुंदर विणायची. नमुना लिहिलेला वाचता यायचा नाही, म्हणून दुसऱ्याचा स्वेटर हातात घेऊन बोटांनी चाचपायची आणि दुपारपर्यंत तशी वीण उठवायची. माझे बाबा 1953 साली पहिलीत गेले. रोज शाळेतून आले की त्यांना कुणाला तरी शिकवायची खुमखुमी असायची, आणि घरात मोकळी सापडायची ती आत्या. लोकरीचे तुकडे जमिनीवर मांडून ते तिच्याकडून ग म भ न काढून घ्यायचे, चुकलं की मास्तरांसारखे रागवायचे. सहा वर्षांचा मास्तर आणि चाळिशीची विद्यार्थिनी. त्या वर्षीच्या पत्राच्या शेवटी, आजीच्या सफाईदार अक्षराखाली, मोठ्या वाकड्या अक्षरांत तीन ओळी आहेत. मी बरी आहे. थंडी फार आहे. हे मी लिहिले.

बाबांना हे माहीतच नव्हतं. म्हणजे शिकवलेलं आठवत होतं, पण तिने कुठे काही लिहिलं असेल अशी कल्पना नव्हती. कागद बराच वेळ त्यांच्या हातात राहिला. मग विचारलं, "'बरी'ची वेलांटी बरोबर काढलीय का बघ." बरोबर काढली होती.

सासूबाईंनी हे सगळं कोपऱ्यात बसून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला म्हटलं, की मलाही एक वीण येते, इंदूरला आमच्या शेजारणीने शिकवलेली, ये दाखवते. शाळेबद्दलचं त्यांचं मत बदललेलं नाही. पुढच्या जूनमध्ये तिला परत पाठवायचं की नाही यावर आमच्या घरात अजून दोन तट आहेत, आणि खरं सांगायचं तर मी रोज तट बदलते. एक लहान शाळा बघून आलोय. लेकीने विचारलं की तिथे मधल्या सुटीत विणू देतील का. विचारून सांगते म्हटलंय.

आता तुमच्याकडे एक काम. आजी सगळं बालबोधीत लिहायची, पण मुलांनी वाचू नये असं काही असलं की मोडीत. 1954 च्या पत्रात आत्याआजीच्या तीन ओळींखाली मोडीच्या चार ओळी आहेत. बाबांना मोडी येत नाही. मला 'आत्या' एवढं लागतं आणि एका ठिकाणी 'पाटी' असावं असं वाटतं. बाजारात वाचून देणारे आहेत, पण घरचा कागद परक्याला द्यायला बाबा तयार नाहीत. फोटो इथे टाकत नाही तोही त्यांच्यासाठीच. लश्करात, मुरारला किंवा आसपास आपल्यातलं जुनं मोडी वाचणारं कुणी असेल तर कळवा. घरी या, चहा घेऊ. येताना हात रिकामे नकोत, घरात जुनी लोकर पडली असेल तर तेवढी आणा. दुसरा मोजा अडलाय.