प्रसारणविषयक तक्रारी आणि ‘समंजस माणसा’चे माप

प्रसारणाविरुद्धच्या तक्रारीचा निर्णय करताना खरा प्रश्न उच्चारलेल्या शब्दांचा नसून ते कोणाच्या कानांनी ऐकावयाचे, हा असतो. या प्रश्नाचे भारतीय उत्तर नागपुरात घडले, हे पुष्कळदा विसरले जाते.

1947 च्या निवाडेसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या भगवतीचरण शुक्ल खटल्यात नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी छापील मजकुराच्या परिणामासाठी एक माप ठरविले. मजकूर समंजस, खंबीर व धीट माणसाच्या दृष्टीने तपासावा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या अथवा प्रत्येक विरोधी मतात संकट हुंगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने नव्हे, असा त्याचा आशय होय.

हे माप वाचकासाठी होते. प्रेक्षकास ते लागू पडेल काय? 1970 मध्ये अब्बास खटल्यात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी चलच्चित्राचा प्रभाव इतर कलांहून तीव्र असल्याचे मान्य केले होते. ही शंका 1988 मध्ये कसोटीस लागली. फाळणीपूर्व दंगलींवर आधारलेली ‘तमस’ ही गोविंद निहलानी दिग्दर्शित मालिका दूरदर्शनवर चालू असता तिच्यामुळे जातीय द्वेष भडकेल, अशी तक्रार मुंबई उच्च न्यायालयात आली. न्या. लेंटिन व न्या. सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका स्वतः पाहून प्रसारणास अनुकूल निर्णय दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही नागपूरचेच माप स्वीकारून आक्षेप फेटाळले.

यात दोन तत्त्वे अंतर्भूत आहेत. पहिले, कृतीचा अर्थ समग्रातून लावावा. तक्रारदार बहुधा एखादे वाक्य वा दृश्य वेगळे काढतो. परंतु वाक्याचा अर्थ संदर्भावाचून निश्चित होत नाही, हे भाषाभ्यासकास सांगावयास नको. दुसरे, प्रेक्षकास दुबळा गृहीत धरू नये. अर्धापूर-नांदेडच्या परिसरात 1948 पर्यंतच्या निजामी राजवटीच्या व रझाकारांच्या स्मृती घरोघरी होत्या. अशा प्रेक्षकापासून हिंसेचे चित्रण दडवावे, की तो त्यातून बोध घेईल असा विश्वास ठेवावा? सर्वोच्च न्यायालयाने दुसरा पक्ष घेतला.

पुढे वाहिन्या वाढल्या आणि तक्रारींची व्यवस्थाही बदलली. 1995 च्या केबल दूरचित्रवाणी कायद्याने कार्यक्रमसंहितेस बंधनकारक स्वरूप दिले. 2021 च्या नियमांनी तीन पायऱ्या आखल्या: प्रथम प्रसारक, नंतर प्रसारकांची स्वनियामक संस्था, शेवटी केंद्र शासनाची यंत्रणा. मात्र संहितेतील ‘अभिरुची’ व ‘सभ्यता’ हे शब्द स्वतःचे माप स्वतः सांगत नाहीत. ते लावणाऱ्याच्या मनात कोणता प्रेक्षक आहे, यावरच निकाल अवलंबून राहतो.

म्हणून तक्रारनिवारणाचा इतिहास म्हणजे केवळ नियमांची यादी नव्हे. राज्यसंस्था आपल्या नागरिकास किती प्रौढ मानते, याचाच तो इतिहास होय; आणि प्रत्येक निकालपत्रात तो गृहीत प्रेक्षक शोधून काढणे हे अभ्यासकाचे पहिले काम ठरते.